पार्ट कोणाचे? फोंड्यातल्या एका जॅझ अरेंजरचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाने आपल्या वार्षिक महोत्सवात नाट्यसंगीत आणि जॅझ असा एकत्र कार्यक्रम करायचे ठरवले. आठ पदे, एक गायिका, साथीला तबला आणि आठ वादकांचा संच: ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन, टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम्स. वादक जमवायचे, पदे संचासाठी लिहून काढायची (म्हणजे प्रत्येक वादकाने काय वाजवायचे त्याचा कागद, ज्याला पार्ट म्हणतात, तो तयार करायचा) आणि त्या रात्री स्वतः टेनर वाजवायचा, अशी तिन्ही कामे एकाच माणसाकडे आली. त्यांना इथे मास्तरच म्हणतो, कारण फोंड्यापासून मडगावपर्यंत सगळे वादक त्यांना त्याच नावाने हाक मारतात. मी या संचात बास वाजवतो, त्यामुळे सगळे जवळून पाहिले. मास्तरांच्या संमतीने लिहीत आहे. मंडळाचे आणि गायिकेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

कार्यक्रम छान झाला. भांडण त्यानंतरचे आहे, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. गोव्यातल्या मराठी मंडळांना गायकाचा मान कसा राखावा, तबलजीची बिदागी कशी द्यावी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संचासाठी संगीत लिहिणाऱ्याचे मात्र तसे नाही. त्याचे काम वाजवण्याच्या कामात आपोआप धरले जाते, आणि ते तसे धरू नये, एवढेच मला इथे दाखवायचे आहे.

मास्तरांचे वर्ष

मास्तरांच्या घरी भजनाची परंपरा. लहानपणी पेटी वाजवली, आरत्यांना साथ केली. पाश्चात्त्य स्वरलेखन ते शिकले दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एका निवृत्त मेस्तांकडे, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाकडे. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चना जोडून संगीतशाळा असत. तिथे गावातल्या मुलांना सोल्फेज (लिहिलेले सूर नावानिशी गाणे) आणि व्हायोलिन शिकवले जाई. कागदावरचे सूर पाहून लगेच वाजवता येणारे वादक गोव्यात एवढ्या संख्येने तयार झाले, ते या शाळांमुळे. मास्तर त्या शाळेत गेले नाहीत, पण तिथली विद्या त्यांना मेस्तांच्या ओसरीवर मिळाली.

आता ते साठीच्या घरात आहेत. ऑक्टोबर ते मार्च हा पर्यटनाचा मोसम, त्यात हॉटेलांची कामे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री १० वाजता बंद करावा लागतो, म्हणून समुद्रकाठचे कार्यक्रम संध्याकाळी लवकर उरकतात. चार-पाच जणांच्या जॅझ संचाला बोलावणारी हॉटेले कमी. बहुतेकांना एकच वादक हवा असतो, जो मायनस वन ट्रॅक (आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ) लावून त्यावर वाजवेल आणि जमले तर गाईलही. मास्तर तेही करतात. लग्नांचा हंगाम असतो, ख्रिस्ती लग्नांत ग्रँड मार्चपासून शेवटच्या नाचापर्यंत वाजवावे लागते. तियात्रांना, म्हणजे कोकणी संगीत नाटकांना, जिवंत बँड लागतो, तिथे ट्रम्पेट-सॅक्सवाल्यांना अजून बऱ्यापैकी काम आहे. पावसाळ्यात कामे आटतात. तेव्हा परीक्षेला बसणारी मुले शिकायला येतात, आणि सॅक्सोफोनची चामडी पॅड फुगू नयेत, स्प्रिंगांना गंज चढू नये म्हणून वाद्याची रोज देखभाल करावी लागते.

या सगळ्यातून उरलेल्या वेळात मास्तर लिहितात. पहाटे, घर उठायच्या आत. त्यांच्याकडे याच कामासाठी लांबून लोक येतात, आणि याच कामाचा दर त्यांनी कधी ठरवला नव्हता.

भूपाचे पाच सूर

मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर सांगितले होते, “मास्तर, पदे तर सगळ्यांना येतात. तुम्ही फक्त बँड बसवून द्या.” आता हे काम नेमके काय होते ते सांगतो. इथे थोडा तपशील लागेल, पण त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

आठांतले एक पद भूपातले. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच सूर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. जॅझमध्ये मात्र गाणे पुढे जाते ते पंचमावरच्या सेव्हन्थ कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे सूर) ओढीने, आणि त्या कॉर्डचे सूर आहेत प, नी, रे, म. म्हणजे भूपाला नको असलेले दोन्ही सूर त्यात हजर. त्याच्या आधी येणारी रिषभावरची कॉर्ड घ्यावी तर तिच्यात रे, म, ध, सा, म्हणजे पुन्हा मध्यम. सवयीने कॉर्ड टाकत गेले, तर गायिका भूप गात राहते आणि तिच्यामागे बँड दुसराच राग वाजवतो. अशी कितीतरी फ्यूजन आपण ऐकतो.

मास्तरांनी गायिकेच्या आवाजाखाली एकच कॉर्ड धरली. जॅझवाले तिला सिक्स-नाइन म्हणतात. तिच्यात सा, ग, प, ध आणि वरचा रे असतो. मोजून पाहा, हे भूपाचेच पाच सूर आहेत, एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. चार फुंकवाद्यांमध्ये हे सूर त्यांनी असे वाटले की प्रत्येक ओळीला मांडणी बदलते, कधी ट्रॉम्बोन धैवत धरतो, कधी आल्टो, पण रागाबाहेर कोणी पाऊल टाकत नाही. गायिका थांबली की मधल्या तुकड्यात मात्र वर्ज्य सूर उघडपणे आले, जॅझची सगळी चाल मोकळी सुटली आणि आल्टोला सोलो मिळाला. सोलो संपताना निषाद आणि मध्यम एकेक करून बाहेर काढले, तेव्हा गायिकेला पुन्हा स्वच्छ भूप मिळाला. मला विचाराल तर अख्ख्या कार्यक्रमातले सर्वांत मोठे काम या चार मात्रांच्या परतीत होते.

यमनातल्या पदाला एवढा त्रास नव्हता. रिषभावर उभी राहणारी सेव्हन्थ म्हणजे रे, तीव्र म, ध, सा, ती यमनात जशीच्या तशी बसते. भैरवीत कोमल रिषभावरची कॉर्ड (रे, म, ध, सा, यातले रे आणि ध कोमल) षड्जावर उतरते, आणि ती उतरण जॅझच्या कानालाही ओळखीची असते. पण प्रत्येक पदाचा विचार वेगळाच करावा लागला.

लयीचेही तेच. तबलजीची सम पहिल्या मात्रेवर, ड्रमरचे हाय-हॅट (पायाने वाजणारी झांज) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बोलते. दोघांनी पूर्ण जोराने वाजवले तर गायिकेला उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून मास्तरांनी ड्रमरला पहिली तीन पदे काठ्यांऐवजी फक्त मऊ ब्रशेस लिहून दिले. शिवाय नाट्यपद गाणारी बाई अंतऱ्यात किती आवर्तने घेईल हे तिलाही आधी ठाऊक नसते. तिथे पार्टवर चौकट करून ‘मोकळे, खूण मिळेपर्यंत’ असे लिहिले. खूण म्हणजे मास्तरांनी टेनर किंचित वर उचलायचा.

चार-पाच मिनिटांच्या एका पदाला असे लिहायला दोन-तीन दिवस सहज जातात. आठ पदे, वाचणारे आठ वादक, म्हणजे चौसष्ट पार्ट. वर प्रत्येक पदाचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे एकत्र लिखाण, वेगळा.

काळी चारवरून पांढरी पाच

गायिकेने काळी चार पट्टी सांगितली होती, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज. फुंकवाद्यांना ती फार सोयीची. आल्टो सॅक्स, टेनर आणि ट्रम्पेट ही वाद्ये जो सूर कागदावर वाचतात त्यापेक्षा वेगळा सूर त्यांच्यातून निघतो, म्हणून त्यांचे पार्ट पट्टी बदलून लिहावे लागतात. काळी चारला आल्टोच्या कागदावर एफ मेजर येतो, ट्रम्पेट आणि टेनरच्या कागदावर बी फ्लॅट. दोन्ही पट्ट्या वादकांच्या बोटांत पहिल्या वर्षापासून मुरलेल्या.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते. जत्रांचे दिवस, ताईंचे ओळीने कार्यक्रम झालेले, गळा बसत चाललेला. तालमीत त्या म्हणाल्या, “मास्तर, पांढरी पाच घेऊया का? वरचा पंचम आज लागत नाही हो.”

तो त्यांचा हक्क होता आणि मास्तरांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. तानपुरा लगेच उतरला. तबलजीने पिशवीतून दुसरा तबला काढला. मला तर उलट फायदाच झाला, कारण पांढरी पाच म्हणजे डबल बासची सर्वांत वरची सुटी तार. फुंकवाद्यांवर मात्र संकट आले. आल्टोच्या कागदावर आता ई मेजर, चार शार्प. ट्रम्पेट आणि टेनरला ए मेजर, तीन शार्प. जलद तुकड्यांतली सगळी बोटे बदलली.

आणि त्याहून मोठी अडचण होती ती टेनरची. टेनर सॅक्सोफोनवर निघणारा सर्वांत खालचा सूर नेमका काळी चारचा आहे. मास्तरांनी भूपाच्या पदात तोच मंद्र षड्ज स्वतःसाठी लिहिला होता, सगळा संच त्या एका लांब सुरावर उभा होता. अर्धा सूर खाली आल्यावर तो षड्ज टेनरवर उरलाच नाही. संगणकावर पट्टी एका क्षणात बदलते, कागदही छापून निघतो, पण जो सूर वाद्यात नाही तो कुठून येणार? मास्तरांनी तो ट्रॉम्बोनला दिला. मग ट्रॉम्बोनचा धैवत स्वतःकडे घेतला. तेव्हा लक्षात आले की टेनरवरचा तो धैवत आल्टोच्या गंधाराला फार चिकटतो, म्हणून आल्टोला वर सरकवले, आणि आल्टो वर गेल्यावर ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारे झाकण) लावावा लागला, नाहीतर दोघे गायिकेच्या अंगावर आले असते. एका सुराने चौघांचे पार्ट हलवले. असे आठही पदांत कमी-अधिक झाले.

घरच्या प्रिंटरची शाई मध्यरात्री संपली. उरलेले बदल मास्तरांनी छापील पार्टवर पेन्सिलीने केले, गोल, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. सकाळी नऊच्या तालमीला सगळे पार्ट स्टँडवर होते.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. सभागृह भरले होते, ताईंचा गळा लागला, भैरवीला लोक उठून उभे राहिले. मंडळाने ठरलेली रक्कम त्याच रात्री पाकिटात दिली. मास्तरांनी ती सगळ्यांत सारखी वाटली आणि स्वतःलाही तेवढाच वाटा घेतला. म्हणजे त्या रात्रीच्या वाजवण्याचे पैसे त्यांना मिळाले, आधीच्या तीन आठवड्यांच्या लिहिण्याचे काहीच नाही. कार्यकर्त्यांनी स्टँड गोळा केले, त्यावरचे फोल्डरही नेले.

डिचोलीहून आलेला फोन

काही महिन्यांनी एका ट्रम्पेटवादकाचा मास्तरांना फोन आला. तो दुसऱ्या संचातून डिचोलीला वाजवायला गेला होता. “मास्तर, तुमचे कागद हांगा कशे पावले?” त्याने पेन्सिलीतले अक्षर ओळखले होते.

मंडळाने तेच फोल्डर भाऊबंद असलेल्या दुसऱ्या मंडळाला दिले होते. वादक वेगळे, गायिका वेगळी. पोस्टरवर मास्तरांचे नाव नाही. आणि संगीताच्या दृष्टीने जे झाले ते मला जास्त लागले. या गायिकेची पट्टी काळी चारच होती, पण कागद होते पांढरी पाचचे, त्यामुळे तिला उगाच खालच्या पट्टीत गावे लागले आणि तिचा मंद्रातला आवाज बँडखाली बुडाला. ‘खूण मिळेपर्यंत’ची खूण कोणी द्यायची हे कोणालाच माहीत नव्हते. तिची दोन आवर्तने बाकी असताना संच पुढे निघून गेला. लिहिणारा माणूस जवळ असता तर मूळ पट्टीचा स्कोअर त्याच्याकडे तयारच होता.

मास्तर चिटणीसांना भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. चिटणीस भले गृहस्थ, मंडळासाठी स्वतःच्या खिशातले घालणारे. ते म्हणाले, “मास्तर, पैसे तर आम्ही पूर्ण दिले. मग कागद आमचेच झाले ना? आणि पदे जुनी, ती काय कोणा एकट्याची आहेत?”

“पदे माझी नाहीत, बाब,” मास्तर म्हणाले. “पण चार वाद्यांनी त्यांच्याखाली काय वाजवायचे ते माझे आहे. तुम्ही मला वाजवण्याचे दिलेत. लिहिण्याचे मी मागितले नाही, तुम्ही विचारले नाही. म्हणून ते फुकट झाले असे नाही.”

चिटणीसांची समजूत कुठून आली ते मला कळते. आपल्या देवळांच्या उत्सवांत पदे, आरत्या, भजने सगळ्यांची असतात. पेटीवाला आपण कसे वाजवले याचा हक्क सांगत नाही. त्या देण्याघेण्यावरच गोव्यातले संगीत वाढले, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पेटीवाल्याचे वाजवणे त्याच्याबरोबर घरी जाते. लिहिलेला पार्ट मागे राहतो, दुसऱ्याच्या हातात पडतो आणि लिहिणाऱ्याशिवाय वाजत राहतो.

गोव्याच्या वादकांनी हे एकदा मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदासाठी लिहिणारे हात कितीतरी काळ गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी लिहिले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, त्यांनी १९५८ साली रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, म्हणजे मास्तर फोंड्यात जे करत होते तेच, कितीतरी मोठ्या आकारात. गाणी अमर झाली, पण लिहिणाऱ्यांची नावे तबकड्यांवर बहुधा आली नाहीत, पडद्यावर आली तर सहायक म्हणून. २०१२ साली गोन्साल्विस माजोर्ड्यात वारले, तेव्हाही लोकांना ते ठाऊक होते ते मुख्यतः शिष्याने आठवणीने एका गाण्यात घातलेल्या नावामुळे.

कायदा काय म्हणतो

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीचे अरेंजमेंट हे तिचे रूपांतर मानले आहे. मूळ कृतीवर कोणाचा हक्क शिल्लक असेल तर आधी त्याची परवानगी लागते. हा हक्क रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, गोविंदराव टेंबे १९५५ साली, त्यांच्या चाली आता सर्वांना खुल्या आहेत. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत राहील. म्हणजे ‘पदे जुनी आहेत’ हे म्हणणे काही पदांना लागू होते, नाट्यसंगीत म्हटले की सरसकट सगळ्यांना नाही. मास्तरांच्या आठ पदांपैकी एकाच्या चालीसाठी परवानगी घ्यायला हवी होती, आणि ती मंडळाने वारसांकडून रीतसर घेतली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

खुल्या चालीवर नव्याने जे लिहिले, त्यात स्वतःची निर्मिती असेल तर तिचा हक्क लिहिणाऱ्याचा. मास्तर मंडळाचे नोकर नव्हते, त्यामुळे नोकरीत केलेल्या कामाचा नियम इथे लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. फोनवरचे बोलणे आणि पाकिटातली रक्कम यांनी हक्क हलत नाही. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकला तरी कृतीवर आपले नाव सांगण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो.

मास्तरांना कोर्टात जायचे नव्हते. त्यांच्या भाचीने, ती वकील आहे, हे सगळे एका पानावर मराठीत लिहून दिले आणि ते पान घेऊन मास्तर मंडळाच्या बैठकीला गेले. तिथे दोन तास चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदाने शेवटपर्यंत मान्य केले नाही. बाकीच्यांनी फोल्डर परत केले, डिचोलीच्या कार्यक्रमासाठी मागितल्यापेक्षा कमी, पण काही रक्कम दिली, आणि पुढच्या पोस्टरवर नाव घालायचे कबूल केले.

तेव्हापासून मास्तर एका पानाचे पत्र दिल्याशिवाय काम घेत नाहीत. लिहिण्याचा मोबदला वाजवण्यापासून वेगळा, निम्मा आगाऊ. पार्ट एका कार्यक्रमापुरते वापरायला दिलेले, कार्यक्रमानंतर परत. पुन्हा वापरायचे असतील तर भाडे, आणि त्या भाड्यात नव्या गायकाच्या पट्टीत लिहून देणे धरलेले. गायकाची पट्टी तालमीच्या पंधरा दिवस आधी लेखी, नंतर बदलली तर जादा काम. पोस्टर, निवेदन आणि व्हिडिओच्या वर्णनात नाव. मला यातले पट्टीचे कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे गायकालाही आधीपासून कळते की काळी चार आणि पांढरी पाच यांच्यामध्ये आठ माणसांचे काम असते. पत्र पाहून दोन हॉटेले मागे फिरली. एका तियात्र दिग्दर्शकाने मात्र वाचून तिथेच सही केली.

पहिल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ अजून मंडळाच्या चॅनेलवर आहे, त्यात ‘संगीत संयोजन’ पुढे मंडळाचेच नाव आहे. दुरुस्तीसाठी मास्तरांनी दुसरे पत्र पाठवले आहे. त्याच मंडळाने येत्या मोसमासाठी चार नवी पदे मागितली आहेत. सही झाली, आगाऊ रक्कमही आली. ताईंनी पट्टी कळवलेली नाही, त्यामुळे लिहायला अजून सुरुवात झालेली नाही.